बाबांचा आरसा धाकटीच्या भिंतीवर

बाबांचा आरसा धाकटीकडे जाणार, हे मला बाबांनी सांगितलं नाही. आईने सांगितलं, तेही माझ्या ताटात माशाचं हुमण वाढता वाढता, जणू घरातला जुना माठ कुणाला तरी देऊन टाकला असावा. मी माहेरी, गोव्यातल्या चोपड्याला आले होते. बाबा समोरच जेवत होते. मी त्यांच्याकडे पाहिलं तेव्हा त्यांनी मान वर केली नाही. भात कालवत म्हणाले, "तुजी भिंत मातयेची, बाये. तिका तो पेलचो ना."

माझं सासर कोरगावला. घर मातीच्या भिंतींचं होतं, हे खरंच होतं. पण ते बाबांनी असं जेवताना, आईच्या देखत म्हटलं, ते मला फार लागलं. धाकटीचं लग्न डिचोलीत झालं होतं. तिच्या नवऱ्याचे खाणीवर ट्रक चालायचे आणि त्यांनी शिरगावच्या वाटेवर नवं घर बांधलं होतं, जांभ्या चिऱ्याच्या भिंती, वर सिमेंटचा गिलावा आणि स्लॅब. तिच्या घरी मी पहिल्यांदा गेले तेव्हाच बघितलं होतं, पुढच्या खोलीची एक भिंत मोकळी ठेवलेली होती. तेव्हा मला कळलं नव्हतं कशासाठी.

आरशाबद्दल सांगायला हवं. बाबा शिंपी होते. चोपड्याच्या धक्क्याजवळ, फेरीबोट लागते तिथून थोडं वर त्यांचं दुकान होतं. आरसा नदीपलीकडच्या एका मोठ्या घरातून आलेला, ते लोक पोर्तुगालला निघाले तेव्हा त्यांनी घरातलं सगळं विकायला काढलं होतं. माणसाहून उंच, शिसवी चौकट, पाठीमागे फळ्या ठोकलेल्या. एकट्या माणसाला उचलत नसे. दुकानात तो भिंतीला टेकवून जमिनीवरच उभा असायचा आणि कपडा घालून बघायला आलेली माणसं त्याच्यासमोर उभी राहून पोट आत घ्यायची. मी थोरली, म्हणून टाचण्या धरायचं काम माझ्याकडे. पुढे बाबांनी मला बेतायला, शिवायलाही शिकवलं. आरसा ओल्या वर्तमानपत्राने पुसायचं कामही माझंच. खालच्या डाव्या कोपऱ्यात काचेमागचा पारा उडून एक तपकिरी डाग पडला होता. तो दरवर्षी किती पसरला ते मला माहीत असायचं. धाकटीला त्या डागाचा पत्ताही नव्हता. ती दुकानाच्या दाराशी उभी राहून लांबूनच स्वतःला बघायची आणि खेळायला पळायची.

बाबांना डोळ्यांनी कमी दिसायला लागलं आणि त्यांनी दुकान बंद केलं. मशीन विकली, कात्री मला दिली. आरसा मात्र धाकटीला.

तो डिचोलीला नेला त्या दिवशी मी सोबत गेले. जायची गरज नव्हती, पण न जाऊन घरी बसणंही मला जमलं नसतं. ट्रकच्या हौद्यात गाद्या घालून आरसा उभाच बांधला होता. तिच्या घराशेजारी बांधकाम चाललं होतं, तिथला एक बेळगावकडचा गवंडी तिच्या नवऱ्याने बोलावला. तो घाईत होता. त्याने गिलाव्यातून दोन लांब खिळे ठोकले, आरशाच्या चौकटीला मागून तार बांधली आणि तार खिळ्यांवर अडकवून गेला. पाठ वळली तेवढ्यात सगळं झालं. धाकटी समोर उभी राहिली, पदर सारखा केला, मागे वळून माझ्याकडे बघून हसली. मग चौकटीच्या वरच्या कडेवर तिने प्लास्टिकच्या फुलांची माळ लावली. मी चहा अर्धाच ठेवला आणि परतीची बस धरली.

त्या दिवसापासून मला एक खोडच लागली. कुणाच्याही घरी गेले की भिंतीवरच्या तसबिरीचा कोपरा हळूच उचलून मागे बघायचं. खिळा कुठे मारलाय, कशात मारलाय, तिरका की सरळ, दोरी की तार. माझ्या नवऱ्याला लाज वाटायची. पण बाबांचं ते एक वाक्य माझ्या डोक्यातून जात नव्हतं. मला दाखवून द्यायचं होतं की माझी भिंतही पेलते.

आमच्या मातीच्या भिंतीत मी सगळे प्रकार करून बघितले. लहान खिळा ठोकला की देवाची तसबीर राहायची, पण महिन्या-दोन महिन्यांत भोक मोठं होऊन खिळा लोंबायचा. लांब खिळा ठोकला की भोवतालचा लिंपणाचा पापुद्राच निघून यायचा. एकदा मी बांबूची खुंटी ठोकली. तिच्यावर भरलेली पिशवी अडकवली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पिशवी, खुंटी आणि ओंजळभर माती खाली. सासूबाईंनी झाडू आणला. माझा नवरा म्हणाला, मातीवर राग काढून काय होणार. त्याला ठाऊक होतं राग कुणावर होता ते.

तो गावातल्या मराठी शाळेत शिक्षक होता. गोव्याची राजभाषा मराठी की कोकणी, हे आंदोलन पेटलं ते याच सुमारास. तो मराठीच्या बाजूने होता, सभांना जायचा, घरी येऊन आवाज बसलेला असायचा. धाकटीचा नवरा कोकणीच्या बाजूने. घरात आम्ही सगळेच कोकणी बोलायचो, वाचायचो मात्र मराठी, त्यामुळे हे भांडण मला कधी नीट कळलं नाही. पण एका लग्नाच्या पंगतीत दोघे साडू एकमेकांना असं काही बोलले की त्यानंतर दोन्ही घरांमधलं येणंजाणं थांबलं. रस्ते अडवलेले, बस बंद, त्यात हे. मला खरं सांगायचं तर तेव्हा बरंच वाटलं. डिचोलीला जाऊन तो आरसा बघायचं टळलं.

कोकणी राजभाषा झाली, त्यानंतर थोड्याच महिन्यांत गोवा घटक राज्य झालं. शाळेला सुट्टी होती, तरी कार्यक्रम ठरला. व्यासपीठामागच्या भिंतीवर थोरामोठ्यांच्या तसबिरी लावायच्या होत्या आणि शिपाई लावत होता त्या पडत होत्या. नवरा घरी आला आणि म्हणाला, तुझी ती खोड आज शाळेच्या उपयोगी पडू दे. शाळेची भिंत चिऱ्याची, वर चुन्याचा पातळ हात. मी खिळा मारला तो सरळ आत गेला, लोण्यात जावा तसा, आणि बोटाने ओढला की बाहेर आला. दुसरीकडे मारला तर धरून बसला. मी चुना खरवडून बघितलं. पहिला खिळा दोन चिऱ्यांच्या सांध्यात गेला होता, तिथे नुसती माती-चुना. दुसरा चिऱ्याच्या पोटात. पण चिऱ्यालाही अंगभर भोकं असतात, खिळा हलत राहिला की चिरा आतून भुगा होत जातो. मग मी सुतारशाळेतल्या लाकडाचे तुकडे मागितले. चिऱ्यात छिन्नीने चौकोनी खाच पाडून त्यात लाकडाची गिट्टी ठोकायची आणि स्क्रू त्या लाकडात बसवायचा. त्या दिवशी झेंड्याला सलामी झाली, लाडू वाटले, भाषणं झाली. मी सगळा वेळ तसबिरींकडे बघत होते. एकही हलली नाही. डिचोलीची भिंत चिऱ्याची आहे आणि गवंड्याने नुसते खिळे मारलेत, हे मला तेव्हाच आठवलं. मी ते कुणाला सांगितलं नाही.

माझ्या मातीच्या भिंतीचं कोडं सुटलं ते चवथीला. गणपतीच्या वर आम्ही माटोळी बांधतो, लाकडाची चौकट छताला टांगून तिला नारळ, केळीचे घड, तोरिंजनं, रानातली फळं असं सगळं बांधायचं. सासूबाई खालून एकेक वस्तू देत होत्या आणि मी स्टुलावर उभी राहून बांधत होते. शेवटी नारळांचा घड बांधला तेव्हा मनात आलं, हे सगळं ओझं धरलंय कुणी? भिंतीचा यात काही संबंधच नाही. सगळं तुळईवर. भिंत बाजूला नुसती उभी आहे.

गणपती विसर्जन झाल्यावर मी म्हापशाच्या बाजारातून जुन्या कपाटाचा एक आरसा आणला. बाबांच्या आरशाच्या निम्मा असेल, पण जाड काचेचा, जड. गावातल्या लोहाराकडून दोन साखळ्या करून घेतल्या. साखळ्या तुळईला घट्ट फिरवल्या, आरसा त्यांना टांगला, आणि खाली भिंतीलगतच्या दोन खांबांच्या मध्ये एक फळी अशी बसवली की आरशाची खालची कड तिच्यावर टेकेल. भिंतीने फक्त त्याची पाठ धरायची. नवरा आला, त्याने आरशाला हात लावून हलकेच ढकललं, मग जोरात. काही झालं नाही. सासूबाई समोर उभ्या राहिल्या आणि बऱ्याच वर्षांनी स्वतःला पुरतं बघितलं असावं, कारण म्हणाल्या की मी एवढी वाळले हे मला कुणी सांगितलं कसं नाही.

मला मात्र धाकटीने तो बघायला हवा होता. नवऱ्यांचं भांडण होतं, तरी दिवाळीत ती माहेरी चोपड्याला आली तेव्हा मी तिला कोरगावला घेऊन आले. तिला दिवस गेले होते. ती आरशासमोर थांबली, कपाळावरचं कुंकू बोटाने सारखं केलं, साखळ्यांकडे वर बघितलं. म्हणाली, बरा आहे, पण लहान. एवढंच. चहा प्यायला स्वयंपाकघरात गेली. तिच्या घरी कुणीतरी किती मोठा आरसा आहे म्हणून रोज कौतुक करत असणार, तिला माझा लहानच दिसणार. मी रात्रभर तळमळले असं नाही, पण पुढचे कितीतरी दिवस त्या आरशासमोरून जाताना मला तो खरंच लहान दिसायचा.

तिच्या मुलीच्या बारशाला मी डिचोलीला गेले. एकटीच, नवरा आला नाही. पुढच्या खोलीत पाय ठेवला आणि नेहमीच्या खोडीने माझी नजर चौकटीच्या वर गेली. त्या घरात खाणीची लाल धूळ सगळीकडे असते, पिठासारखी मऊ. पण चौकटीवर जे पडलं होतं ते दाणेदार होतं, चिऱ्याचा भुगा. मी मागे हात घातला. डावीकडचा खिळा बोटाने हलत होता. तेवढ्यात खाणीतला दुपारचा सुरुंग लागला. खिडकीची तावदानं वाजली आणि माझ्या हाताखाली आरसा थरथरला.

तेव्हा माझ्या मनात पहिला विचार आला तो पडण्याचा नाही. मनात आलं, आता हा इथून उतरवावा लागणार.

पाहुणे गेल्यावर मी धाकटीला सांगितलं की खिळा सैल झालाय, आरसा उतरव, नाहीतर पडेल. आणि मग, गप्प बसायला हवं होतं तिथे, हेही म्हणाले की हवं तर मी कोरगावला नेते, माझ्याकडे तुळईला टांगता येईल. ती मुलीला दूध पाजत होती. तिने माझ्याकडे बघितलं.

"तुजी नदर त्या आरशाचेर आसा, ताय," ती म्हणाली. "भिंतीचेर ना."

ती खोटं बोलत नव्हती. आणि खिळा सैल होता हेही खोटं नव्हतं. पण आता ते तिला पटणार नव्हतं. तिच्या नवऱ्याने भिंतीकडे एक नजर टाकली आणि म्हणाला की गवंडी अनुभवी होता. मी पिशवी उचलली.

त्यानंतर किती दिवस गेले मला आठवत नाही, पण पावसाळा सरून थंडी सुरू झाली होती. तिच्या नवऱ्याचा एक ट्रकवाला, सावंतवाडीकडचा, आमच्या दारात येऊन उभा राहिला. त्याने निरोप सांगितला की वहिनींनी तुम्हाला बोलावलंय, आरशाची एक बाजू सुटलीय. मी त्याच ट्रकमधून गेले.

धाकटी व्हरांड्यात कदेलवर, लाकडी खुर्चीत बसली होती, मुलगी मांडीवर. खोलीत ती जायलाच तयार नव्हती. सकाळच्या सुरुंगाला डावा खिळा निघाला होता, आरसा तिरका घसरून सोफ्याच्या पाठीवर टेकला होता. काच शाबूत होती. सोफा तिथे नसता तर आरसा जमिनीवर फुटला असता. मुलीच्या पाळण्याचा दोर लटकत होता ती जागा तिथून लांब नव्हती.

नवरा तिचा खाणीवर होता. मी दोघा ट्रकवाल्यांना आरसा उतरवून उभाच भिंतीला टेकवायला सांगितलं, आडवा करू नका म्हणून दोनदा बजावलं. मग गिलावा खरवडून बघितला. गवंड्याचा एक खिळा सरळ सांध्यात गेला होता. दुसरा चिऱ्यात होता, पण तिथला चिराही आतून पोकळ झालेला.

मी तिथे राहिले. धाकटीच्या मागच्या अंगणात तोडलेल्या फणसाचं लाकूड वाळत पडलं होतं, त्याच्या गिट्ट्या तासल्या, आत जाणारं तोंड रुंद, बाहेरचं अरुंद, म्हणजे ओढलं तर निसटणार नाही. चिऱ्याच्या बरोबर मध्यात खाचा केल्या, गिट्ट्या सिमेंटमध्ये बसवल्या आणि सिमेंट पुरतं सुकेपर्यंत कुणाला हात लावू दिला नाही. धाकटी रोज विचारायची झालं का, मी रोज नाही म्हणायचे. आरशाचं वजन तारेवर ठेवायचं नाही असं मी ठरवलं होतं. खाली गिट्ट्यांवर जाड फळी बसवली, आरसा तिच्यावर टेकेल. वर दोन पट्ट्या, स्क्रूने चौकटीला आणि भिंतीला, तो पुढे झुकू नये म्हणून. आणि सुरुंगासाठी चौकटीच्या मागे, चारी कोपऱ्यांना, ट्रकच्या जुन्या ट्यूबचे रबराचे तुकडे लावले.

त्या दिवसांत एका दुपारी धाकटी भाजी निवडत होती आणि मी लाकूड तासत होते. ती भाजीकडे बघतच म्हणाली, "तुका बाबांनी शिवूंक शिकयलें. म्हाका आरसो दिलो."

मला सुरुवातीला वाटलं, ती मला समजावतेय. मग तिचा चेहरा बघितला. ती तक्रार करत होती. दुकानाच्या दारातून लांबूनच बघणारी ती पोरगी मला एकदम आठवली. बाबांनी टाचण्या धरायला तिला कधी हाक मारली नव्हती, तिला ते सगळी वर्षं सलत होतं आणि मला ठाऊक नव्हतं. मी म्हणाले की बाबांनी मला शिकवलं कारण मी थोरली होते, दुसरं काही नाही. ती म्हणाली, माहीत आहे. आणि शेंगा मोडत राहिली. माझा हेवा त्यामुळे गेला नाही. फक्त आता मला माहीत झालं की तो दोन्ही बाजूंनी आहे. तिला माझ्या जागेचा, मला तिच्या भिंतीचा.

आरसा वर चढवला तेव्हा तो चोपड्याच्या दुकानात कधी दिसला नव्हता तसा दिसत होता. सरळ, उंच, खिडकीतला उजेड त्यात भरलेला. मी फडक्याने पुसला, तपकिरी डाग थोडा आणखी पसरला होता. आणि तिथे उभं असताना मला समजलं की मी काय केलंय. गवंड्याचे खिळे राहिले असते तर आज ना उद्या तो या घरातून निघाला असता. माझ्या हातांनी मी तो तिथे पक्का केला होता. मला रडू आलं, पण ते मी काचेवर वाफ आल्याच्या निमित्ताने पुसून टाकलं.

शिरगावच्या जत्रेला बाबा आले. धाकटीच्या घरी जत्रेचे पाहुणे भरलेले, देवीचं व्रत केलेले धोंड ओलेत्याने येत-जात होते. दोघे साडूही त्या गर्दीत एकमेकांशी बोलू लागले, डिझेलच्या भावाबद्दल, भाषेबद्दल नाही. बाबांना हात धरून पुढच्या खोलीत आणलं. त्यांना दिसायचं कमी, पण आरसा दिसला. समोर उभं राहून त्यांनी कुडत्याची कॉलर दोन बोटांनी सारखी केली.

"जांवयान बरो बसयला," ते म्हणाले.

मी दाराशी होते. माझी नजर आरशाखालच्या फळीवर गेली.  धाकटीने माझ्याकडे बघितलं. तिला गप्प राहता आलं असतं. कुणी काही म्हटलं नसतं, तिचा नवराही तिथेच हसत उभा होता.

"ताणें न्हय, बाबा," ती म्हणाली. "तायेन बसयला."

बाबा पुढे झाले. चौकटीच्या खाली हात घालून त्यांनी फळी चाचपली, मग वरच्या पट्ट्या, मग आरशाला तळवा लावून दाबून बघितलं. शिवणीवर बोट फिरवून बघायचे तसंच. माझ्याकडे वळून त्यांनी विचारलं, लाकूड कसलं. मी सांगितलं, फणसाचं. ते म्हणाले, "घट आसा." आणि जेवायला चला म्हणाले.

मातीच्या भिंतीबद्दल ते पुन्हा कधी बोलले नाहीत, ना आरसा मला द्यायला हवा होता असं म्हणाले. मीही विचारलं नाही. बाबा गेल्याला आता खूप वर्षं झाली. आरसा अजून डिचोलीत आहे. दर पावसाळ्यानंतर मी एकदा तिथे जाते, स्क्रू पिळून बघते, रबर झिजलं असेल तर बदलते. धाकटी म्हणते की मी तिला भेटायला येत नाही, आरशाला भेटायला येते. मी हसते आणि नाही म्हणत नाही. ती स्क्रूड्रायव्हर आणून देते आणि मी काम करते तोवर पाठीमागे उभी राहून, आरशातून माझ्याकडे बघत राहते.